सिअर्स गेलं, क्राफ्ट्समनची पेटी राहिली: हमी, दुरुस्ती आणि काय ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत जुनं घर घेतलंत आणि आधीचा मालक गॅरेजमध्ये क्राफ्ट्समनची, म्हणजे सिअर्स या अमेरिकन डिपार्टमेंट स्टोअरच्या हत्यारांच्या ब्रँडची, लाल पत्र्याची पेटी सोडून गेला. आत तीन रॅचेट (दांडा मागे-पुढे हलवत बोल्ट एकाच दिशेने फिरवणारं हत्यार), त्यांना लावायच्या इंची आणि मिलिमीटर गोट्यांचा (सॉकेटचा) काला, रिंग पाने, पेचकस, पकडी, दोन छिन्न्या आणि बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा काट्याचा एक टॉर्क रेंच. एक रॅचेट जोर लावला की सटकतं, काही ठिकाणी गंज आहे आणि पेटी उघडली की आंबूस वास येतो. सिअर्सची दुकानं जवळजवळ संपली. मग मोडलेलं हत्यार कधीही बदलून देण्याची ती 'आजन्म हमी' कोण पाळणार? आणि हे सगळं ठेवायचं, विकायचं, की पुण्यात भावाच्या गॅरेजला पाठवायचं?

हमी अजून चालते. पण तिच्या भरवशावर जुनं रॅचेट काउंटरवर नेऊन देऊ नका, किमान ते उघडून बघेपर्यंत तरी नाही. नेमकं कोणतं हत्यार बदलून घ्यायचं आणि कोणतं मुळीच हातचं सोडायचं नाही, हे ठरवण्यासाठी सिअर्सचा व्यवहार कसा चालायचा ते आधी कळायला हवं.

ही हत्यारं सिअर्सने कधीच बनवली नाहीत. टपालाने माल विकणाऱ्या या कंपनीने पहिलं किरकोळ दुकान १९२५ साली शिकागोत उघडलं. मोटारी घरोघर आल्या होत्या आणि माणूस स्वतः नट-बोल्ट फिरवायला लागला होता. क्राफ्ट्समन हे नाव १९२७ साली नोंदवलं गेलं. मॅरियन-क्राफ्ट्समन टूल कंपनीकडून ते ५०० डॉलरला घेतलं असं सांगतात. पोलाद कोणतं, कडकपणा किती, मुलामा कसा, हे सिअर्सचा हार्डवेअर विभाग ठरवायचा आणि माल दुसऱ्यांकडून करून घ्यायचा. पाने आणि गोट्या बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंगकडून यायच्या. हीच कंपनी पुढे ईझ्को झाली आणि नंतर डॅनाहरकडे गेली. पेचकस, पकडी आणि स्क्रू पाने कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या वेस्टर्न फोर्जचे, पत्र्याच्या पेट्या बहुतांशी वॉटरलू इंडस्ट्रीजच्या.

म्हणून पेटीतल्या वस्तूंवरचे बारीक शिक्के आधी वाचा. पान्यावर किंवा गोटीवर एकटा 'व्ही', दोन 'व्ही' किंवा आडव्या रेघांमधला 'व्ही' दिसला तर तो माल मूर–ईझ्को–डॅनाहर या घराण्याचा. पेचकसाच्या मुठीवर किंवा पकडीवर 'डब्ल्यूएफ' असेल तर वेस्टर्न फोर्ज. शेजारी 'मेड इन यूएसए' आहे का तेही पाहा. २०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत रॅचेट, गोट्या आणि पाने यांचं बरंचसं उत्पादन चीन आणि तैवानला गेलं, तो माल शिक्क्यावरूनच वेगळा ओळखू येतो. तैवानचा माल वाईट असतो असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट आज मधल्या किमतीतली उत्तम रॅचेट तिथूनच येतात. पण तुमच्याकडे काय आहे ते माहीत नसताना अदलाबदल करू नये.

आता हमी सिअर्सला परवडायची कशी ते बघा. ठोकून घडवलेला रिंग पाना घरगुती वापरात तुटतच नाही म्हटलं तरी चालेल. परत येतात ती रॅचेट, टोकं मोडलेले पेचकस आणि क्वचित चिरलेल्या बारा कोनी गोट्या. बिल न मागता बदलून द्यायचं हे धोरण होतं, आणि ते राबवायला काउंटर, माणूस आणि माल तिन्ही दुकानात आधीच हजर असायचं. मोडकं रॅचेट घेऊन आलेला गिऱ्हाईक रंगाचे डबे, टायर आणि वॉशिंग मशीन ओलांडून हत्यारांच्या विभागात पोचायचा आणि सहसा रिकाम्या हाताने बाहेर पडायचा नाही. रॅचेटवर झालेला तोटा मशीनच्या विक्रीत भरून निघायचा. डिपार्टमेंट स्टोअर आणि आजन्म हमी यांचं गणित असं एकमेकांत अडकलेलं होतं.

सिअर्सच्या हत्यारांवरच्या नफ्याचा एक किस्सा अमेरिकेतल्या पेटंट कायद्यात गाजलेला आहे. बटण दाबलं की गोटी सुटते ते रॅचेट सिअर्समध्येच विक्रेता असलेल्या पीटर रॉबर्ट्स नावाच्या तरुणाने शोधलं. त्याला १९६५ साली पेटंट मिळालं आणि सिअर्सने फार तर १०,००० डॉलर रॉयल्टी मिळेल अशा कराराने ते लिहून घेतलं. माल लाखोंनी खपला. पुढे खटल्यात ज्यूरीने त्याला १० लाख डॉलर दिले आणि १९७८ साली वरच्या कोर्टाने ती रक्कम कायम ठेवली. तुमच्या रॅचेटच्या पाठीवर मधोमध बटण असेल तर ते याच वंशातलं.

गणित बिघडलं ते गिऱ्हाईक दुसरीकडे वळल्यावर. होम डेपोची पहिली दुकानं १९७९ साली अटलांटात उघडली. लाकूड, नळ, रंग आणि हत्यारं एका छपराखाली आणि गाडी दाराशी. सिअर्सचा हत्यार विभाग मात्र मॉलच्या कोपऱ्यात. तीस किलोची पेटी घेऊन कपड्यांच्या रांगांमधून पार्किंगपर्यंत कोण जाणार? १९९३ साली सिअर्सने मोठा कॅटलॉग बंद केला. १९९८ मध्ये होम डेपोसारख्याच लोव्ज़ या साखळीने कोबाल्ट हा स्वतःचा ब्रँड आणला. स्वस्त हत्यारांच्या दुकानांची साखळी असलेला हार्बर फ्रेटही आजन्म हमी देऊ लागला, म्हणजे सिअर्सचं खास अस्त्र सगळ्यांच्याच हातात आलं. २००५ मध्ये केमार्ट या स्वस्त दुकानांच्या साखळीशी विलीनीकरण झालं, त्यानंतर दुकानांच्या डागडुजीवर खर्च होईना आणि एकेक दुकान विकलं गेलं. मार्च २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं: ५२.५ कोटी डॉलर हातात, २५ कोटी तीन वर्षांनी आणि १५ वर्षं विक्रीतला वाटा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तुमच्या दृष्टीने यातला कामाचा भाग एकच: ब्रँड दुकानाच्या आधी विकला गेला, म्हणून हमी वाचली. सिअर्ससारखीच दुकानं असलेल्या माँटगोमरी वॉर्डचा 'पॉवर-क्राफ्ट' आणि जेसीपेनीचा 'पेनक्राफ्ट' यांचं तसं झालं नाही. त्यांचे पानेही चांगले असायचे, काही तर तोडीस तोड होते. पण पेनीने हार्डवेअर विभाग गुंडाळला, वॉर्डची दुकानं २००१ मध्ये संपली आणि त्या हत्यारांच्या पाठीशी आज कोणी नाही. पेटीत त्या नावांची एखाद-दुसरी वस्तू निघाली तर फेकू नका, फक्त बदलून मिळेल अशी आशा धरू नका.

आज प्रत्यक्षात काय होतं? क्राफ्ट्समनचा हातपाना, गोटी, रॅचेट किंवा पेचकस तुटला असेल तर तो लोव्ज़ किंवा एस हार्डवेअर या साखळीच्या दुकानात न्यायचा. तसाच चालू मॉडेलचा नग त्यांच्या फडताळात असेल तर सहसा बदलून देतात. नसेल तर क्राफ्ट्समनच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवून दावा लावावा लागतो. बरंचसं काउंटरवरच्या माणसावर आणि शिल्लक मालावर अवलंबून असतं. एका दुकानात दोन मिनिटांत काम होतं, दुसऱ्यात मॅनेजरला बोलवावं लागतं. शनिवारी दुपारी जाऊ नका. संचातली एकच गोटी मोडली असेल तर सुटी गोटी विकणारं दुकान आधी शोधा, कारण दुकानात फक्त संच असतील तर ते संच फोडायला तयार होत नाहीत. टॉर्क रेंच, विजेवर चालणारी यंत्रं, ड्रिलचे बिट आणि करवतीची पाती या आजन्म हमीत धरू नका. त्यांच्या अटी वेगळ्या आणि मुदतीच्या असतात. आणि बदली मिळेल ती आजच्या उत्पादनातली, जुन्या साच्यातली नव्हे.

म्हणून माझा नियम असा: तुटलेली गोटी, चिरलेला पाना, मोडलेला पेचकस बेलाशक बदलून घ्या. सटकणारं रॅचेट आधी उघडा. जुनी रॅचेट सटकतात त्यातली बरीचशी नुसती घाणीने सटकतात.

हे काम अर्ध्या तासाचं आहे. पांढरा कपडा किंवा कड असलेला ट्रे घ्या, कारण आत एक बारीक स्प्रिंग आणि छर्रा असतो आणि तो उडाला की गॅरेजच्या फरशीवर सापडत नाही. डोक्याच्या झाकणाला दोन छोटे स्क्रू असतील. काही जुन्या गोल डोक्यांना सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी असते. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणाराच पेचकस वापरा, वर्षानुवर्षं न उघडलेले हे स्क्रू आधी तेलाचा थेंब टाकून तासभर ठेवा. झाकण उचलण्याआधी फोनवर फोटो काढा, उचलल्यावर पुन्हा काढा. आत दिसतील ते भाग मोजकेच: दात्यांचं चक्र, त्याला अडवणारी खिटी, दिशा बदलणारा खटका, स्प्रिंग आणि छर्रा. बहुतेक वेळा सगळं काळ्या, मेणासारख्या घट्ट ग्रीसमध्ये बुडालेलं असतं. खिटी त्या चिकट थरात अर्धवट अडकते, पूर्ण दाते धरत नाही आणि जोर आला की निसटते.

सगळे भाग मिनरल स्पिरिट किंवा केरोसीनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, टूथब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडे करा. मग उजेडात खिटीचे आणि चक्राचे दाते नीट बघा. दात्याची धार सरळ आणि तीक्ष्ण असेल तर भाग चांगला आहे. कडा गोलावून चकचकीत झाल्या असतील तर झिजला. खिटी बहुधा एकाच बाजूला जास्त झिजते, कारण खरा जोर बोल्ट सोडवताना लागतो, आवळताना त्या मानाने कमी. त्यामुळे 'एका दिशेला सटकतं, दुसऱ्या दिशेला नाही' अशी तक्रार असेल तर झिजेचा संशय घ्या; दोन्ही दिशांना सटकत असेल तर आधी घाण आणि मऊ पडलेली स्प्रिंग. झिजलं असेल तर दांड्यावरचा मॉडेल नंबर टाकून दुरुस्ती संच शोधा. चक्र, खिटी आणि झाकण असं एकत्र मिळतं आणि जुन्या अश्रूच्या आकाराच्या डोक्यांसाठी असे संच अजून विकायला येतात. घेताना दात्यांची संख्या आणि डोक्याचा आकार दोन्ही जुळवा.

जोडताना लोक हमखास चूक करतात ती ग्रीसची. चाकाच्या बेअरिंगला लावतात तसलं जाड ग्रीस डोक्यात ठासून भरलं की रॅचेट गुळगुळीत फिरतं आणि छान वाटतं, पण थंडीत तेच ग्रीस घट्ट होऊन खिटीला उशीर करतं. न्यू जर्सीच्या जानेवारीत बिनतापवलेल्या गॅरेजमध्ये हे नक्की होणार. हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरे. ग्रीसच हवं असेल तर पातळ जातीचं, बोटाने पुसल्यासारखा थर. बंद केल्यावर व्हाइसमध्ये पकडलेल्या बोल्टवर दोन्ही दिशांना हळूहळू जोर वाढवून तपासा. तोंड आणि हाताचे सांधे दांड्याच्या वाटेतून दूर ठेवा.

जुन्या क्राफ्ट्समनमध्ये बहुधा ३६ दाते असतात, म्हणजे पुढच्या दात्यावर जायला दांडा १० अंश फिरायला हवा. आजची ७२ दात्यांची रॅचेट ५ अंशात काम करतात, ९० दात्यांची ४ अंशात. इंजिनच्या खाली, हात जेमतेम शिरतो अशा जागी हा फरक फार जाणवतो. तेवढ्यासाठी ३/८ इंची ड्राइव्हचं (गोटी बसते ते चौकोनी टोक म्हणजे ड्राइव्ह) एक नवं बारीक दात्यांचं रॅचेट घ्या. पण ते आलं म्हणून जुनं काढू नका: मोठे दाते, जाड खिटी, घाण सहन करण्याची ताकद जास्त.

गोट्यांकडे वळू. पहिलं काम इंची आणि मिलिमीटर वेगळ्या करण्याचं. तुमच्या जपानी किंवा कोरियन गाडीला इंची गोट्या जवळजवळ लागणारच नाहीत. घरातलं सामान, गवत कापायचं जुनं यंत्र, पाण्याच्या पाइपांचे क्लॅम्प, जुनी अमेरिकन गाडी यांना लागतील. 'जवळची बसते' म्हणून वापरली की बोल्टचे कोपरे उडतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, तेव्हा १९ च्या बोल्टवर ती खुशाल चालते. ५/१६ म्हणजे ७.९४, ८ च्या गोटीत ५/१६ चा बोल्ट ठीक बसतो. ७/१६ म्हणजे ११.११, ११ च्या बोल्टवर हलक्या कामाला चालेल. ५/८ म्हणजे १५.८८, त्या बोल्टवर १६ ची गोटी अडीअडचणीला, जाम बोल्टवर नाही. १/२ इंच १२.७० आणि १३ मिमी ही जोडी मात्र टाळाच, ०.३ मिमीचा खेळ पुरेसा घातक आहे. ९/१६ आणि १४ चंही तेच. १० मिमीला इंचीत भाऊ नाही, ३/८ म्हणजे ९.५३. जी गोटी पेटीत नेमकी सापडणार नाही ती १० चीच असेल, दोन-तीन जादा घेऊन ठेवा.

प्रत्येक गोटी उजेडात धरून तोंडाची कड बघा. केसासारखी रेघ दिसली की ती चीर, आणि चिरलेली गोटी जोर लावल्यावर फुटते. बारा कोनी गोटी बोल्टवर बसवायला सोपी, पण गंजलेल्या बोल्टला सहा कोनीच लावा, ती कोपऱ्यावर न धरता सपाट बाजूवर धरते. चकचकीत मुलाम्याची गोटी इम्पॅक्ट गनला, म्हणजे धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राला, कधीही लावू नका. त्यासाठी काळ्या, जाड भिंतीच्या वेगळ्या मिळतात.

गंजाचं सरसकट एक औषध नाही. मुलामा शाबूत आणि वर तपकिरी ठिपके असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्याने घासा, मग पुसून तेलाचा हात. अगदी बारीक चार शून्याची स्टील वूल तेलासकटही चालते. मुलामा नसलेलं पोलाद गंजलं असेल तर बाजारात मिळणाऱ्या आम्लविरहित गंजनाशकात रात्रभर बुडवा, धुवा, लगेच वाळवा, लगेच तेल लावा. व्हिनेगर स्वस्त पडतं आणि गंज काढतं, पण मुलाम्याच्या फटीतून आत शिरून त्याचे पापुद्रे सोडवतं, शिवाय कडक केलेल्या स्प्रिंग आणि खिटीसारख्या भागांना आम्लाने ठिसूळपणा येऊ शकतो. ते भाग त्यात टाकूच नका. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायची पद्धत व्हिडिओंमध्ये खूप दिसते. क्रोम मुलाम्याच्या हत्यारांवर ती करू नका आणि दुसरा ध्रुव म्हणून स्टेनलेस स्टील मुळीच वापरू नका, क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. ज्या गोटीचा मुलामा आधीच पापुद्र्यांनी सुटतोय ती घासत बसू नका. त्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ती बदलून घ्यायच्या ढिगात टाका.

वासाचा दोषी बहुधा पेचकस आहे. त्या जुन्या पारदर्शक मुठी सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकच्या असतात. वर्षानुवर्षं बंद पेटीत राहिल्या की त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं, ओकारीसारखा वास तोच. मुठीवर पांढुरकी भुकटीही जमते. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवा, दोन दिवस उघड्यावर वाळवा, खणही पुसून मोकळे ठेवा. वास पूर्ण जात नाही, कमी होतो. पेचकस वेगळ्या, हवा लागेल अशा जागी ठेवले तर शेजारच्या पान्यांनाही बरं. नेल पॉलिश काढायचं ॲसिटोन मात्र लावू नका, मूठ विरघळते.

चपट्या पेचकसाचं टोक गोलावलं असेल तर कानशीने सरळ करा. ग्राइंडरवर निळं होईपर्यंत तापवलं तर पोलादाचा कडकपणा जातो. चौफुलीचं टोक झिजलं की ते काढायचं, त्याला कानस मारून उपयोग नाही. छिन्न्यांची डोकी हातोडीच्या माराने छत्रीसारखी पसरली असतील तर वापरण्याआधी ती कड ग्राइंडरवर पूर्ण उतरवा आणि किंचित उतार द्या. त्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात गेल्याच्या घटना गॅरेजमध्ये जुन्या आहेत. धार साधारण ६० अंशांची ठेवा, पाण्यात बुडवत, थंड करत.

काट्याचा टॉर्क रेंच लोक मोडीत काढतात आणि मला ते पटत नाही. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. मोकळा धरल्यावर काटा शून्यावर नसेल तर काट्याची सळई हलकेच वाकवून शून्यावर आणा. मग तपासणी: चौकोनी टोक व्हाइसमध्ये असं धरा की दांडा आडवा राहील आणि वजनाने पट्टी वाकेल. या स्थितीत काटा कुठे आहे ते आधी वाचून घ्या, कारण दांड्याचं स्वतःचं वजनही थोडं मोजलं जातं. मग मूठ ज्या खिळ्यावर हलते त्याच्याखाली, टोकाच्या मध्यापासून १८ इंचांवर, २० पौंडांचं वजन टांगा. वाढ ३० फूट-पौंड दिसायला हवी, म्हणजे सुमारे ४१ न्यूटन-मीटर. रेंच आखूड असेल तर अंतर मोजून गुणाकार करा. वापरताना मूठ त्या खिळ्यावर तरंगती राहिली पाहिजे. ती दांड्याला टेकली की वाचन चुकतं. 'कट्' आवाज करणारा जुना प्लास्टिक मुठीचा रेंच हाती आला असता तर मी एवढा उत्साही नसतो. त्यांची प्लास्टिकची आवरणं चिरतात, आणि स्प्रिंग वर्षानुवर्षं ताणलेली ठेवलेली असते. तसला वापरून झाला की सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली नाही.

विकायचं म्हणाल तर अख्खी पेटी एकरकमी देऊ नका आणि लोकांनी मागितलेल्या किमतींकडे बघू नका. त्याच वस्तूचे झालेले सौदे बघा. जुन्या अमेरिकी शिक्क्याचे पूर्ण संच, विशेषतः एकाही नगाची कमतरता नसलेले रिंग पाने, संग्राहक घेतात. सुट्या इंची गोट्यांना फारसं कोणी विचारत नाही. पेटीची किल्ली हरवली असेल तर कुलपाच्या तोंडावरचा कोड वाचून नवी मागवता येते, किल्लीसह पेटी बरी जाते.

नव्याने भर घालायची तर मी ब्रँडपेक्षा तीन गोष्टी बघतो: रॅचेटचं झाकण उघडतं का, दुरुस्ती संच मिळतो का, आणि सुटी गोटी विकत मिळते का. हमी सगळेच देतात. ती पाळणारं दुकान घरापासून किती लांब आहे हे मोजा. क्राफ्ट्समनने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला सुमारे ९ कोटी डॉलरचा, यांत्रिक हातांवर भिस्त ठेवणारा कारखाना २०१९ मध्ये जाहीर केला होता. २०२३ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली. वेस्टर्न फोर्जही २०२० मध्ये बंद पडलं. तेव्हा 'परत अमेरिकन होईल तेव्हा घेऊ' म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. रॅचेटचा ड्राइव्ह जगभर इंचीतच असतो: १/४, ३/८, १/२. म्हणजे तुमची रॅचेट, एक्स्टेंशन दांडे आणि युनिव्हर्सल जॉइंट भावाच्या गॅरेजमध्ये तिथल्या मिलिमीटर गोट्यांवर जसेच्या तसे बसतील. ते पाठवा, मिलिमीटरचे रिंग पाने पाठवा. इंची गोट्या पाठवायचं कारण एकच असू शकतं: भावाकडे जुन्या विलीज-महिंद्रा जीप येत असतील तर. त्यांना अमेरिकी इंची बोल्ट असतात आणि चार सूत (१/२ इंच), साडेचार सूत (९/१६ इंच) अशा मापांची गरज पडते. जुन्या बुलेटला मात्र या गोट्या नेमक्या बसणार नाहीत, तिची मापं ब्रिटिश व्हिटवर्थ धाटणीची. पकडी आणि साधे पेचकस नेण्यात काही हशील नाही. नाशिकला बनणारी टापरियाची पक्कड बोहरी आळीत सहज मिळते आणि रोजच्या कामाला पुरते.

विमानात हे सगळं चेक-इन सामानातच. अमेरिकेत केबिनमध्ये ७ इंचांपेक्षा लांब हत्यार चालत नाही, आणि अर्धा इंची रॅचेट त्याहून लांबच असतं. २३ किलोची मर्यादा गोट्यांनी किती पटकन भरते ते घरच्या काट्यावर बघून घ्या. पत्र्याची पेटी इथेच ठेवा, पाने जाड कापडात गुंडाळा आणि टॉर्क रेंचचा काटा वाकू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी बांधा.